मडक्याची टिचकी आणि कृष्णविवर

पेणच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेणारी बाई पैसे देण्याआधी त्यावर टिचकी मारते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. आम्ही डॉक्टर रुग्णाच्या छातीवर एक बोट ठेवून दुसऱ्याने ठोकतो, त्यातही वेगळे काही नाही. हवा भरलेले फुप्फुस पोकळ वाजते, बाजूला पाणी साचले असेल तर बद्द. ही पद्धत १७६१ साली ऑस्ट्रियाच्या लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरने लिहून ठेवली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप किती भरले आहे ते ठोकून ओळखण्याची घरातलीच रीत त्याने छातीला लावली, असे सांगतात. आत न डोकावता आतले ओळखायचे. भौतिकशास्त्रातला एक मोठा प्रश्न आज याच युक्तीने सुटू पाहतो आहे आणि त्यात आपल्या माणसांचा हात आहे, म्हणून आरोग्याच्या या सदरात थोडी वाट वाकडी करतो.

कृष्णविवर म्हणजे अशी जागा, जिथून प्रकाशही परत येत नाही. तिच्या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. आकाशात फार जड, फार लहान आणि काळी वस्तू असल्याचे पुरावे मिळाले, तरी तिला खरोखर असे क्षितिज आहे की ती नुसती तशी दिसते, हा प्रश्न उरतोच. दोन वेगळ्या आजारांची लक्षणे सारखी असावीत, तसा हा पेच आहे.

कृष्णविवराचे सोंग घेऊ शकतील अशा वस्तूंची यादी सिद्धांतकारांनी कागदावर तयार केली आहे. त्यातल्या बऱ्याच सोलिटॉनसारख्या आहेत. सोलिटॉन समजायला १८३४ साली स्कॉटलंडमध्ये जावे लागते. एडिंबरोजवळच्या कालव्यात ओढली जाणारी एक नाव अचानक थांबली आणि तिच्यापुढे पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा निघून चालू लागला. जॉन स्कॉट रसेल हा इंजिनिअर घोड्यावरून त्याच्या मागे मैल-दोन मैल गेला. उंचवटा विस्कटला नाही. धरमतरच्या खाडीत बोटीमागे उठणारी लाट पाहा, थोड्या अंतरावर ती पसरून मिटते. रसेलच्या लाटेत पसरण्याची ओढ आणि उभे चढत जाण्याची ओढ एकमेकींना बरोबर तोलून धरत होत्या. म्हणून ती एखाद्या गोळ्यासारखी अखंड राहिली.

हाच तोल ताऱ्याएवढ्या वस्तूत साधता येईल का? १९६८-६९च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी गणित मांडले, की विशिष्ट प्रकारचे क्षेत्र स्वतःच्या गुरुत्वाने एकत्र धरले जाईल आणि स्वतःच्या पसरण्याच्या वृत्तीमुळे कोसळणारही नाही. त्याला बोसॉन तारा म्हणतात. अलीकडे, २०२३ साली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने अवकाशाच्याच गाठीतून बनलेला एक सोलिटॉन गणिताने उभा केला. दुरून पाहिला तर तो कृष्णविवरासारखाच काळा दिसेल. यांपैकी एकही वस्तू आजवर कोणाला सापडलेली नाही. पण डॉक्टर म्हणून मला ही यादी निरर्थक वाटत नाही. दुसरे काय असू शकेल याचा विचारच केला नाही, तर पहिले निदानही पक्के होत नाही.

आता टिचकी. १९७० साली बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा अमेरिकेत होते. कृष्णविवराला धक्का दिला तर काय होईल, हे त्यांनी गणिताने तपासले. उत्तर आले : ते ठरावीक सुरात घुमेल आणि तो सूर झपाट्याने विरून जाईल. सूर कोणता, हे फक्त त्याच्या वस्तुमानावर आणि फिरण्याच्या वेगावर ठरते. क्षितिज नसलेली वस्तू वेगळी वाजेल, कदाचित आत गेलेली लहर परतून प्रतिध्वनी देईल. त्या काळी कृष्णविवर हा शब्दही नवाच होता आणि तो सूर ऐकू शकेल असे यंत्र जगात नव्हते.

यंत्राने ऐकले ते १४ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे ४५ वर्षांनी. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर सूर्याच्या अंदाजे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली. उरलेल्या एका विवराचा सूर सेकंदाला सुमारे २५० कंपनांचा, म्हणजे स्टेथोस्कोपने हृदयातली मर्मर ऐकतो त्याच पट्ट्यातला. विश्वेश्वरा २०१७ साली गेले. हे ऐकायला ते होते, याचा मला आनंद वाटतो.

पण अमेरिकेतल्या लायगोच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांची लांबी त्या लहरीने प्रोटॉनच्या व्यासाच्याही शतांश-सहस्रांशाने बदलली. एवढासा फरक गोंगाटातून वेगळा कसा काढायचा? गोंगाटाचे दुखणे रायगडला जुने आहे : मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा आपल्या अलिबागला आणावी लागली. लायगोला मात्र नुसते दूर जाऊन भागत नाही. तिथे पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी कामाला आले. लहर कशी असेल हे आधी गणिताने काढायचे आणि तो साचा गोंगाटावर सरकवत जुळतो का पाहायचे, या पद्धतीवर १९९०च्या आसपास, यंत्र उभे राहण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी पाया घातला. भरल्या ओपीडीत मर्मर त्यालाच ऐकू येते, ज्याला ती कशी असते ते ठाऊक असते.

जानेवारी २०२५मध्ये आलेला सिग्नल आणखी स्वच्छ होता. त्यात एकाऐवजी दोन सूर ओळखता आले आणि ते फिरत्या कृष्णविवराच्या गणिताशी जुळले. मिसळण्याआधी दोन्ही विवरांचे पृष्ठफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतर सुमारे ४ लाख. (महाराष्ट्राचे ३ लाख ८ हजार, म्हणजे बरोबर मधले.) हे पृष्ठफळ कधी घटणार नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली म्हटले होते. प्रतिध्वनी सापडल्याचे दावे मधल्या काळात झाले, पण लायगोच्या तपासणीत त्यांना आधार मिळाला नाही. थोडक्यात, आजवर तरी मडके पक्के वाजते आहे.

शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांचे काम मला यात सर्वांत जवळचे वाटते. क्षितिजाची जुनी व्याख्या अशी, की तिथून निघालेला प्रकाश कधीच बाहेर पोचणार नाही. म्हणजे निदान करायला विश्वाचा सगळा भविष्यकाळ माहीत हवा! शवविच्छेदनानंतर कळणाऱ्या आजाराचा खाटेवरच्या रुग्णाला काय उपयोग? अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी आत्ता, इथे मोजता येईल अशा क्षितिजाची मांडणी केली आणि टकरींच्या संगणकीय गणितात ती वापरली जाते.

याने कोणाचा आजार बरा होणार, असे विचारणारे भेटतात. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला तो प्रश्न उद्धट वाटत नाही, कारण औषधांचा तुटवडा मी रोज पाहतो. आपल्या जिल्ह्याला संशोधन म्हटले की महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. विंचूदंशाने माणसे मरत होती, त्यांनी प्रॅझोसिन वापरून ती वाचवली. तिथे उपयोग समोर दिसतो. (प्रॅझोसिन मुळात रक्तदाबासाठी शोधलेले औषध, हे मात्र विसरू नये.) कृष्णविवराच्या सुराने कोणी बरे होणार नाही आणि होईल असे भासवून मी त्याची वकिली करणार नाही.

माझा मुद्दा पैशाचाच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्राने एप्रिल २०२३मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्र येईल. पण विश्वेश्वरा, धुरंधर, अष्टेकर यांच्या कामाला लागली ती कागद-पेन्सिल, निश्चित पगार आणि लोकांनी घाई न करता दिलेली वर्षे. यंत्राच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि तोच आपण टाळतो. तालुक्याच्या कॉलेजांत भौतिकशास्त्र तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर चालते. पुढच्या वर्षी नोकरी असेल का हे ज्याला माहीत नाही, त्याने ४५ वर्षांनी फळ देणारे गणित करावे, ही अपेक्षा कशी धरायची? मग हिंगोलीचे कान आपले असतील आणि ऐकलेल्याचा अर्थ दुसरे कोणी लावतील.

रोह्याचे चिंतामणराव देशमुख देशाची तिजोरी सांभाळून झाल्यावर १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. याच आयोगाने पुढे १९८८ साली जयंत नारळीकरांच्या हाती आयुका सोपवली. महास्फोटाच्या सर्वमान्य सिद्धांतावर शेवटपर्यंत शंका घेणारा माणूस तिचा पहिला संचालक होता! ही संस्था मुळातच विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी काढलेली आहे. तिथे जाऊन काही आठवडे संशोधन करून परतण्याची सोय त्यांना आहे. पेण-रोह्याच्या कॉलेजांनी आपल्या शिक्षकांना त्यासाठी भरपगारी रजा द्यावी आणि शासनाने रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. ताम्हिणी घाट ओलांडला की पुणे आहे.