दुचाकीवरचा मोबाइल आणि घरची काळजी

गिरगावातील खोताच्या वाडीच्या अरुंद गल्ल्यांत मोटार नेणे अवघड. म्हणून औषध आणायला निघालेला मुलगा वा नातू दुचाकीच काढतो, आणि घरचा फोन लागावा यासाठी मोबाइल वाटेतच चार्जिंगला लावतो. हेतू चांगला आहे. तरी काही पथ्ये पाळावीत.

दुचाकीची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, तर मोबाइलच्या साध्या चार्जिंगला ५ व्होल्ट पुरतात. त्यामुळे फ्यूज असलेला चार्जर जाणकार मेकॅनिककडूनच बसवून घ्यावा. पावसात वायर काढून ठेवावी. पॉवर बँकेला जोडलेला मोबाइल पँटच्या खिशात कोंबू नये. चार्ज होताना बॅटरी तापते, ती उष्णता कोंडते आणि मांडी भाजू शकते. भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट लावू नये. पेसमेकर असलेल्यांनी मोबाइल त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा. छातीवरच्या खिशात नकोच.

ज्येष्ठांनो, एक पथ्य आपल्यासाठीही. तो रस्त्यात असताना ‘कुठवर आलास?’ म्हणून फोन करू नये. हँडलवरचा फोन वाजला की नजर रस्त्यावरून हटते. छातीत दुखू लागले किंवा बोलणे अडखळू लागले, तर त्याची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवावा. एरवी मोबाइल घरीच चार्ज करून द्यावा, आणि ‘पोहोचल्यावर कळव’ एवढेच सांगावे.