बटण दाबलं, पुढे काय?

माझ्या पहिल्या नोकरीत नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानासाठी मी व्हीबी ६ मध्ये बिलिंगचा प्रोग्राम लिहिला होता. ‘सेव्ह’ बटणावर डबलक्लिक केलं की व्हीबी कोडसाठी रिकामी जागा उघडून द्यायचं. मी सगळं तिथेच कोंबलं. बिल नंबर काढा, स्टॉक वजा करा, प्रिंट काढा. चारेक सेकंद लागायचे. महिन्याभरात दुकानदार काकांचा फोन. एकाच गिऱ्हाइकाची तीन बिलं आणि स्टॉक तिप्पट कमी! "अहो, दाबलं तर काहीच होईना, म्हणून परत दाबलं."

तेव्हा मनात म्हटलं, युजरला धीर म्हणून नाही. आज वाटतं, काकांचंच बरोबर होतं.

विंडोजमध्ये प्रोग्रामकडे येणारे क्लिक एका रांगेत लागतात आणि ती रांग उपसणारा थ्रेड एकच. तोच बिल करत बसला तर स्क्रीन रंगवायलाही कोणी उरत नाही. काकांचे पुढचे दोन क्लिक हरवले नव्हते, रांगेत मुकाट उभे होते.

मग मी हँडलरच्या सुरुवातीला बटण बंद केलं, शेवटी चालू. उपयोग शून्य! रांगेतल्या क्लिकची पाळी येते हँडलर संपल्यावर, आणि तोवर बटण परत चालू झालेलं. मग मध्ये ‘डूइव्हेंट्स’ टाकलं (हा सल्ला तेव्हा जो तो द्यायचा). ‘सेव्ह’ गप्प बसलं, पण शेजारचं ‘रद्द’ मोकळंच होतं. काकांनी अर्ध्या बिलात तेही दाबलं. :)

माझं मत स्पष्ट आहे, हँडलरने काम करूच नये. त्याने निरोप घ्यावा, ‘बिल होतंय’ असं दाखवावं, काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यावं. डॉटनेटमध्ये २००५ पासून बॅकग्राउंडवर्कर आहे, जावात २००६ पासून स्विंगवर्कर, सी शार्पमध्ये २०१२ पासून असिंक-अवेट. तरी रिव्ह्यूला तीनशे ओळींचे हँडलर येतातच. आणि अवेट लिहिलं म्हणून सुटलात असं नाही हं. वाट बघताना बाकीची बटणं जिवंतच असतात, म्हणजे ‘रद्द’ची गोष्ट पुन्हा.

काकांचं दुखणं शेवटी वेगळ्याच जागी बरं झालं. बिल नंबर क्लिकवर न काढता फॉर्म उघडतानाच काढला, डेटाबेसमध्ये तो युनिक केला आणि बिल व स्टॉक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातले. मग काकांनी दहादा दाबलं तरी बिल एकच.