हजेरी भरली म्हणजे शाळा चालली का?

मंडळी, दिवाळीत पुतण्या पुण्याहून उमरीला आला होता. जेवताना ऑफिसचा फोन आला. ताट सरकवून त्यानं लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर 'अपटाइम' टाइप केलं की शेवटी तीन आकडे येतात: मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांत सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत होती. पहिला आकडा तिसऱ्याहून मोठा असेल, तर भार वाढतोय. लहान असेल, तर ओसरतोय.

"काका, आकडे तर छान आहेत. तरी लोकांचे पैसे अडकलेत!"

मग 'टेल -एफ' लावून लॉगच्या ओळी वाचल्या, तेव्हा कळलं की दुसऱ्या यंत्राकडून उत्तरच येत नव्हतं. याचं यंत्र आपलं निवांत वाट बघत बसलेलं!

मला शाळेची तपासणी आठवली. साहेब हजेरीपट बघून शेरा लिहायचे; पोराला वाचता येतं का, हे क्वचितच बघायचे.

२४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार ११.४० ला थांबले, ते ३.४५ ला सुरू झाले. बिघाडाची सुरुवात दूरसंचार जोडण्यांतून झाली, असं बाजारानं सांगितलं. नुसता यंत्राचा भार बघून असलं दुखणं कसं कळावं?

माझं मत असं, की आकडे जरूर बघा, पण आधी स्वतः गिऱ्हाईक होऊन एक व्यवहार करून बघा, मग लॉग वाचा. वर्ग समजायचा तर शेवटच्या बाकावर जाऊन बसावं लागतं.

असो. तुमचा अनुभव काय, जरूर कळवा.