शंभर पिल्लं दिली, ऊब कोण देणार?

मंडळी, वाटपाचा फोटो सगळ्यांनी बघितला असेल. खोकी, फीत, साहेब, हसरे लाभार्थी. महिन्याभराने त्यातली किती पिल्लं जगली, हे मी विचारलं. आकडा कोणाकडेच नाही.

एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर १०० एकदिवसीय पिल्लं मिळतात. योजनेला विरोध नाही. घरातल्या बाईच्या हातात चार पैसे येतात. पण खुडूक कोंबडी पिल्लं पंखाखाली घेते, यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई नसते. त्याला पहिल्या आठवड्यात साधारण ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी करायची.

हे घरी जमतं, अवघड काही नाही. दीड फूट उंचीचा पत्रा गोल उभा करायचा. गोलच, कारण कोपरा असला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन इंच भाताचा तूस, त्यावर पेपर. वर टोपली उलटी टांगून आत १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब. एलईडी चालत नाही, त्याचा फक्त उजेड पडतो. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला जाऊन धापा टाकत असली तर उकडतंय. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात.

आता खरी गोम. रात्री दोनला लाइट गेली तर? कोळशाची शेगडी ठेवावी तर धुराची भीती. दोन-तीन तास गारठ्यात गेले की सकाळी मेलेली पिल्लं उचलायची. मग ऐकायचं काय, तर ‘लाभार्थ्याने काळजी घेतली नाही’. अहो, त्या बाईने रात्र जागून काढली, लाइट तिच्या हातात होती का?

म्हणून मागण्या तीनच. एक, पिल्लांसोबत पत्रा, बल्ब आणि एका दिवसाचं प्रशिक्षण द्या. पाचव्या ते सातव्या दिवशीची राणीखेतची लासोटा लस गावात पोचवा. दोन, ऐन थंडीत एकदिवसीय पिल्लं वाटू नका. तीन, तालुक्यातल्या एखाद्या बचत गटाला चार आठवडे पिल्लं वाढवायचं काम द्या, त्याचे पैसे द्या, आणि मगच वाटप करा.

फोटो वाटपाच्या दिवशी काढताच, एक महिन्याभरानेही काढा. तुमच्याकडे किती जगली? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. आकडा आपणच गोळा करू.