आजीची ठेव आणि भाच्याची छत्री

दिवाळी अंकातील या पानावर आजवर मी कापडाविषयी पुष्कळ लिहिले. धोतराचे काठ झाले, मांजरपाट झाला, चादरीची वीण झाली. गेल्या वर्षी तर पावसाळी छत्रीच्या काळ्या कापडावर पान भरून झाले. गिरणीच्या तपासणी खात्यात ज्याची उमेद गेली, त्याने दुसरे लिहावे तरी काय? यंदाचाही विषय छत्रीच आहे. मात्र ही छत्री डोक्यावर धरायची नसून तिला लोंबकळून पुलावरून खाली यायचे आहे.

झाले असे की, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत आयडाहो राज्यात, बॉइसी नावाच्या गावी नोकरीला आहे. श्रावणात एके रात्री त्याचा फोन आला. पाऊसपाण्याची चौकशी झाली, माझ्या गुडघ्याची झाली, आणि मग स्वारी हळूच म्हणाली, "मामा, आजीची ती ठेव आहे ना, ती मोडता येईल का रे?"

आमच्या आईने जाण्यापूर्वी या नातवासाठी काही रक्कम बँकेत ठेवून कागद माझ्या स्वाधीन केले होते. "घराला किंवा लग्नाला," असे तिने मला दोनदा बजावले होते. मी आपला हुरळून म्हणालो, "अरे वा! मुलगी कुठली?"

"मुलगी नाही, मामा. पॅराशूट."

विमानातून तो उड्या मारतो हे मला ठाऊक होते. आईला 'एकदोनदा गंमत म्हणून' असे सांगून त्याने दोन वर्षांत दोनशेच्या वर उड्या मारल्या होत्या. शिक्षणाचे कर्ज फेडून जे उरे ते त्यातच जाई. आता त्याला विमान नको झाले होते. बिल्डिंग, अँटेना, स्पॅन म्हणजे पूल आणि अर्थ म्हणजे डोंगरकडा, या चार शब्दांची पहिली अक्षरे घेऊन कार्ल बोएनिश नावाच्या अमेरिकन माणसाने व त्याच्या सोबत्यांनी 'बेस' हा शब्द घडवला. याच बोएनिशने १९७८ साली कॅलिफोर्नियातील एल कॅपिटान या कड्यावरून मारलेल्या उड्यांचे चित्रण केले आणि हे वेड जगभर पसरले. भाच्याला आधी पुलावरून उडी मारायची होती आणि पुढे कधीतरी पंखांचा अंगरखा, ज्याला विंगसूट म्हणतात, तो घालून स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनच्या कड्यांवरून तरंगायचे होते.

"जुना संच अर्ध्या किमतीत मिळतोय," तो म्हणाला. "तेवढे पैसे माझ्याजवळ आहेत. नवा घ्यायचा तर आजीची ठेव लागेल. तू कापडातला माणूस आहेस. तूच सांग."

वाचकहो, पेच पाहा. पैसे नाहीत म्हणावे, तर मुलगा जुन्या छत्रीने उडी मारणार. द्यावेत, तर ती उडी माझ्या हातची. 'मारूच नकोस' असे म्हणायचा मार्ग होता आणि मी तो वापरलाही. तो शांतपणे म्हणाला, "मामा, मी परवानगी विचारत नाही, छत्री विचारतोय."

मी विचारले, "पहिली उघडली नाही, तर दुसरी छत्री कोठे असते?"

"बेसमध्ये दुसरी नसते."

मी फोन ठेवला. त्या रात्री झोप आली नाही, म्हणून बसल्या बसल्या हिशेब केला. विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, एक नेहमीची व एक राखीव. राखीव छत्रीची घडी परवानाधारक रिगरनेच घालायची आणि वापरात असलेली ती छत्री १८० दिवसांच्या आत पुन्हा तपासून बांधायची, असा अमेरिकेचा नियम आहे. शिवाय माणूस भांबावला किंवा बेशुद्ध पडला, तर सुमारे २२५ मीटर उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारे एक यंत्रही असते. आता पुलाकडे या. आयडाहोतील ट्विन फॉल्स गावाजवळचा पेरीन पूल स्नेक नदीच्या पाण्यापासून १४८ मीटर उंच. तेथे वर्षभर परवानगीवाचून उड्या मारता येतात, म्हणून हौशी लोक जगभरातून जमतात. पण ज्या उंचीवर ते यंत्र जागे होते, तेवढी उंचीच या पुलाला नाही! माणूस पहिल्या सेकंदाला ५ मीटर खाली येतो, दुसऱ्याच्या अखेरीस २०, तिसऱ्याच्या अखेरीस ४४ आणि साडेपाच सेकंदांच्या आसपास पाणी. पहिली छत्री बिघडली हे कळून, ती सोडून दुसरी उघडायला वेळ कोठला? म्हणून बेसच्या पिशवीत छत्री एकच असते. राखीव छत्रीने जे काम करायचे, ते सारे निवड करतानाच उरकून घ्यावे लागते. आणि या छत्रीवर सरकारी तपासणीचा शिक्काही नसतो. पारखणारे डोळे आपले आपणच शोधायचे.

जाता जाता सांगतो, याच ट्विन फॉल्सजवळ १९७४ च्या ८ सप्टेंबरला इव्हल नीव्हल हा धाडसी मोटारसायकलवाला वाफेच्या अग्निबाणात बसून स्नेक नदीची दरी ओलांडायला निघाला होता. त्याची छत्री उघडली खरी, पण उड्डाण होते न होते तोच! बिचारा वाऱ्याबरोबर मागे वाहत दरीत उतरला. जीव वाचला, दरी राहिली. छत्री न उघडणे हा एक घोटाळा. नको तेव्हा उघडणे हा दुसरा.

दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाच्या मागेच लागलो. वाचता वाचता मला एक शिंपी भेटला. फ्रान्झ राइशेल्ट त्याचे नाव, पॅरिसमध्ये त्याचे दुकान होते. अंगावर घालायच्या पोशाखालाच छत्री बनवण्याचा त्याने ध्यास घेतला. बाहुले टाकून केलेले प्रयोग बहुतेक फसले होते. १९१२ च्या ४ फेब्रुवारीला आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर, म्हणजे जमिनीपासून ५७ मीटरवर, तो चढला. अधिकाऱ्यांना वाटत होते की हा बाहुले टाकणार. त्याने स्वतः उडी घेतली आणि तो गेला. त्याचे चलच्चित्र आजही पाहायला मिळते. उडीपूर्वी तो कठड्यावर कितीतरी वेळ घुटमळतो. मी ते एकदाच पाहिले. त्याच्या टाक्यांत खोट होती असे मला वाटत नाही. कापड कोणत्या उंचीला, किती वेळात, कसे भरेल, हा हिशेब चुकला होता.

भाच्याच्या प्रश्नातही खरी मेख तीच निघाली. 'सगळ्यांत चांगली छत्री कोणती' हा प्रश्नच मुळी खोटा. कोणत्या उडीला, कोणाच्या अंगाला, हे आधी ठरायला हवे.

उदाहरण म्हणून पायलट शूट घ्या. ही हातभर रुंदीची लहान छत्री. उडी घेणारा ती हाताने वाऱ्यात फेकतो आणि ती मोठ्या छत्रीला पिशवीतून ओढून काढते. पुलावरून दोन-तीन सेकंदांचीच पडझड. वारा अजून मंद. तेथे ओढ लागावी म्हणून ती मोठी, ४२ ते ४८ इंच व्यासाची घेतात. तीच उंच कड्यावरून, भरधाव वेगात वापरली तर असा हिसका बसेल की मोठी छत्री वेडीवाकडी फुटून बाहेर येईल. तेथे ३२ ते ३८ इंचांची पुरते. स्लायडरचेही तसेच. हा दोऱ्यांवरून सरकत खाली येणारा चौकोनी तुकडा छत्रीला एकदम फुलू देत नाही. मोठ्या वेगात तो नसेल तर छत्री फाटेल नाहीतर माणसाची हाडे मोडतील. आणि थोड्या उंचीवर तो तसाच ठेवला तर छत्री फुलेपर्यंत पाणी येईल. म्हणून पुलावर तो काढून ठेवतात. मग आणखी एक भानगड उद्भवते. स्लायडर नसला की ब्रेकची दोरी छत्रीच्या माथ्यावरून आडवी पडण्याचा धोका वाढतो. त्यावर उपाय म्हणून हातातली मूठ सोडताच ती दोरी निसटून जाईल, अशी जोडणी करून घ्यावी लागते. एक सोडवावे तर दुसरे गुंतते. अगदी सुताच्या गुंडीसारखे!

कड्यावर आणखी एक वैरी असतो. छत्री उघडली, चांगली उघडली, पण तोंड कड्याकडे करून उघडली, तर ती माणसाला थेट खडकावर नेऊन आदळते. म्हणून बेसची छत्री सात कप्प्यांची, माणसाच्या वजनाच्या मानाने मोठी व संथ घेतात आणि उघडताना ती पुढे धावू नये असे तिचे ब्रेक खोल लावून ठेवतात. विमानवाल्यांच्या लहान, चपळ छत्र्या येथे कामाच्या नाहीत. पुलाखाली आदळायला खडक नसतो व खाली पाणी असते, म्हणून पहिली उडी पुलावरून. मुलाने हे मला समजावले, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला.

विंगसूटचे मात्र मी त्याला साफ सांगितले की एवढ्यात नको. वास्तविक चांगल्या अंगरख्याने माणूस एक मीटर खाली येताना अडीच-तीन मीटर पुढे जातो. ऐकूनच हेवा वाटतो. पण उतरायला शेवटी छत्रीच लागते. (२०१२ साली इंग्लंडात गॅरी कॉनेरी नावाचा गृहस्थ छत्रीवाचून उतरला, तो हजारो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगावर. तेवढी रद्दी आमच्या भाच्याकडे नाही.) पंख मोठे घेतले की बाह्यांत अडकलेला हात पाठीमागच्या मुठीपर्यंत पोचवणे अवघड होते, आणि अंगामागे हवेची पोकळी तयार होऊन पायलट शूट त्यात घुटमळते, म्हणून तिची पट्टी लांब ठेवावी लागते. नवशिक्याने लहान पंखांचा सूट घ्यावा व तो आधी विमानातूनच वापरावा. तेथे निदान राखीव छत्री असते.

याच काळात मी दोन मृत्यूंविषयी वाचले आणि ते मनातून जाईनात. आजच्या विंगसूटचा जनक म्हणतात तो फ्रेंच माणूस पॅट्रिक द गायार्दाँ १९९८ च्या १३ एप्रिलला हवाई बेटांवर गेला. त्याच्याएवढा जाणकार त्या काळी क्वचितच असेल. स्वतःच्या साधनात त्याने स्वतः फेरफार केला होता आणि त्यातच चूक राहिली. दुसरी जॅन डेव्हिस. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत अशा उड्यांना बंदी आहे. तिचा निषेध म्हणून काही जणांनी १९९९ च्या २२ ऑक्टोबरला एल कॅपिटानवरून जाहीर उड्या मारल्या. साधने जप्त होणार हे ठाऊक असल्याने तिने आपला संच न वापरता उसना घेतला होता. त्यात पायलट शूटची जागा तिच्या हाताच्या सवयीची नव्हती. खाली माणसे पाहत होती. संच चांगला होता, बाई अनुभवी होती. दोघांची फक्त ओळख नव्हती.

हे मी भाच्याला फोनवर वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने त्या अर्ध्या किमतीच्या संचाची छायाचित्रे पाठवली. लाल-पिवळी छत्री, दिसायला देखणी. मी म्हटले, "रंग सोड. ही उन्हात किती राहिली?" नायलॉनचे मरण उन्हात असते. बारीक चौकटींची ती वीण एरवी चिवट. फाटलेच तर चौकटीच्या जाड धाग्यापाशी थांबते. पण ऊन लागलेला धागा डोळ्यांना धडधाकट दिसतो आणि ओढला की तुटतो. विकणाऱ्याचे उत्तर आले, "फार नाही." आमच्या खात्यात 'फार नाही' असा शेरा मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नोकरी उरली नसती.

मी हट्ट धरून तो संच एका रिगरला दाखवायला लावला. त्या भल्या माणसाने तीन तास खर्चले. छत्रीचे कापड त्याने पास केले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. माझा संशय चुकला होता. पण पिशवी दुसऱ्याच, मोठ्या छत्रीसाठी शिवलेली होती. ही छत्री तीत सैल बसत होती आणि पिशवी बंद ठेवणारी पिन भलत्या वेळी सरकण्याचे भय होते. आणि पट्टे सहा फुटी माणसाच्या मापाचे. आमचा भाचा त्याच्या आजोबांवर गेलेला, साडेपाच फूट! सगळे पट्टे आवळूनही खांद्यावर चार बोटे शिरत. तुकडे सगळे चांगले, पण एकमेकांचे आणि त्याचे नव्हेत.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो. खिडकीवरच्या मुलीने कारण विचारले. मी म्हणालो, "कापडखरेदी."

बहिणीला सांगणे भाग होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलली, "दादा, आईच्या पैशांनी तू त्याला दोर घेऊन दिलास." त्यानंतर दीड महिना तिचा फोन नाही.

भाच्याच्या मापाचा संच मागवला आहे, तो शिवून यायला अवकाश आहे. तोवर एका जुन्या जाणत्याची छत्री बैठकीच्या सतरंजीवर पसरून तो रोज घडी घालतो, उलगडतो, पुन्हा घालतो. उडी शिकवणाऱ्यांकडे नाव घातले आहे. ते हो म्हणतील तेव्हाच पुलावर, असे त्याने कबूल केले आहे. चकल्यांचा डबा आम्ही परवा पाठवला.

हा मजकूर पुरा करत असताना बहिणीचा फोन आला. भाऊबीजेचे काही बोलली नाही. "त्या छत्रीला शिवण कसली असते रे?" तिने विचारले. "साधी की दुहेरी?" मी म्हणालो, दुहेरी, कापडाच्या कडा एकमेकींत दुमडून, दोन सुयांची, आणि दोऱ्या जोडतात तेथे आडवे दाट टाके. ती जरा थांबली. "आणि ते टाके तपासतो कोण?" म्हणाली. मी सांगू लागलो.