पेटीतले बाळ आणि दाराबाहेरची आई

सप्टेंबर २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून एक आकडा बाहेर आला आणि सारा महाराष्ट्र क्षणभर हादरला. त्या आधीच्या एका ऑगस्ट महिन्यात तेथील नवजात बालकांच्या विशेष कक्षात ५५ अर्भके दगावली होती. मुदतीपूर्वी झालेला जन्म, अत्यल्प वजन, अपुऱ्या वाढीची फुप्फुसे आणि खासगी रुग्णालयांतून अखेरच्या घटकेस येथे पाठविलेली बालके, अशी कारणे त्या वेळी सांगण्यात आली. उबदार पेट्या अवघ्या १८, आणि एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन जीव, हेही उघड झाले. वर्तमानपत्रे खवळली, विधाने झाली, चौकशीची मागणी झाली. ते सारे योग्यच होते. परंतु त्या गदारोळात अर्भके मोजली गेली, पेट्या मोजल्या गेल्या; त्या अर्भकांच्या मातांची गणती करण्याचे मात्र कोणास सुचले नाही. आम्हांसही सुचले नाही, हे येथे प्रारंभीच कबूल केले पाहिजे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल ते अकाली जन्मलेले मूल, अशी वैद्यकशास्त्राची व्याख्या आहे. जगात दहा मुलांमागे सुमारे एक मूल असे जन्मते. २०२० या एका वर्षात अशी १ कोटी ३४ लक्ष बालके जन्मली आणि त्यांपैकी सुमारे ३० लक्ष आपल्या भारतातली होती. म्हणजे ही काही आडवळणाची आपत्ती नव्हे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर ती येते, तशीच गंगापूर रस्त्यावरील सुस्थितीतल्या घरातही येते. एका घरास पोटाची चिंता, दुसऱ्यास खासगी रुग्णालयाच्या बिलाची. परंतु अतिदक्षता कक्षाच्या बंद दारापुढे दोन्ही माता सारख्याच निराधार असतात.

आपल्याकडे बाळंतपण हा साऱ्या घराचा सोहळा आहे. शेक-शेगडी, डिंक-अळिवाचे लाडू, पाचवीची पूजा, बाराव्या दिवसाचे बारसे, सव्वा महिन्याची विश्रांती या सर्वांची योजना आपल्या पूर्वजांनी बाळासाठी केली, तितकीच बाळंतिणीसाठीही केली. तिला एकटे म्हणून सोडावयाचे नाही, हे त्यातले मर्म. परंतु मूल अकाली जन्मले की हा सारा आधार एका रात्रीत कोसळतो. बाळ पेटीत, आई बाकावर. पेढे वाटावेत की नाही हे घरच्यांना कळत नाही; अभिनंदन करावे की धीर द्यावा हे पाहुण्यांना उमगत नाही, म्हणून ते येतच नाहीत. ओल्या अंगाची ती बाई दर दोन-तीन तासांनी दूध काढून वाटीत देते, काचेतून एकवार पाहते आणि पुन्हा बाकावर येऊन बसते. आज वजन वीस ग्रॅमने वाढले एवढ्यावर तिचा दिवस उगवतो आणि रात्री पेटीवरची घंटा वाजली की तो मावळतो. झोप नाही, भूक नाही, रडू आवरत नाही किंवा मुळीच येत नाही. अशा मातांना प्रसूतीनंतरच्या औदासीन्याचा विकार इतर मातांहून अधिक जडतो, हे आता डॉक्टर मंडळी निःसंशयपणे सांगतात.

यावर मीठ चोळण्याचे काम आपली जीभ करते. "पायरी चढताना जपली नसशील", "ग्रहणात काही चिरले होतेस का?", "सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही" अशी वाक्ये किती सहजपणे बोलली जातात! वस्तुतः आठव्या महिन्याचे मूल सातव्या महिन्याच्या मुलाहून अधिक सुरक्षित असते. मुदतीपूर्वीच्या प्रसूतीची कारणेही रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी मुले, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर अशी असतात; पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. तरीही दोष मातेच्या पदरी.

ही खोड केवळ अडाण्यांची आहे, असे सुशिक्षित वाचकांनी समजू नये. आम्ही संपादकाच्या खुर्चीवर येण्यापूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. एखादा मुलगा अभ्यासात मागे पडला की आम्ही त्याच्या आईस बोलावून घेत असू, आणि "घरी लक्ष देत नाही वाटते?" हा आमचा पहिला प्रश्न असे. त्यांपैकी एका आईने खालच्या मानेने सांगितले होते, "मास्तर, हा सातव्या महिन्यात झाला, तेव्हापासून मी दुसरे काही केलेलेच नाही." त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

मातेची काळजी ही केवळ भावनेची गोष्ट असती, तर आम्ही पहिल्या पानाची ही जागा अडविली नसती. ती औषधाइतकीच उपचाराची बाब आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी अशक्त बालकांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. गरजेपोटी निघालेली ही कांगारू पद्धती पुढे शास्त्राच्या कसोटीस उतरली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जन्मानंतर लगेच आईच्या कुशीत ठेवलेल्या कमी वजनाच्या बालकांतील मृत्यूंचे प्रमाण चतुर्थांशाने कमी झाल्याचे दिसून आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीस मान्यता देतानाच कुटुंबास मानसिक व आर्थिक आधार देण्याचीही शिफारस केली. आपल्या महाराष्ट्रासही हा विचार नवा नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. आणि गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईस शिकवून घरोघरी नवजात बालके वाचविता येतात, हे सप्रमाण दाखविले.

नातलग आत आले की जंतुसंसर्ग वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. पण त्यावर उत्तर आहे. हात धुण्याची शिस्त, स्वच्छ वस्त्रे आणि ठरलेल्या वेळा पाळून आईस व घरच्या एका माणसास बालकाच्या शुश्रूषेत सामील करून घ्यावे, अशी मार्गदर्शक सूत्रे केंद्र सरकारनेच २०१७ मध्ये काढली आहेत. ज्या वर्षी नाशिकची अर्भके दगावली, तेच हे वर्ष!

मग मागावयाचे काय? आमच्या मते मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना मोठा खजिना लागत नाही. पहिली ही की, बाळ जितके दिवस रुग्णालयात तितके दिवस आईस त्याच आवारात खाट आणि दोन वेळचे गरम अन्न मिळावे. सरकारच्या जननी शिशु सुरक्षा योजनेने मातेच्या आहाराची हमी दिली ती साध्या प्रसूतीस तीन दिवस व शस्त्रक्रियेच्या प्रसूतीस सात दिवस. बाळ मात्र तीन-चार आठवडेही पेटीत असते. आठव्या दिवशी सुरगाण्याच्या बाईने जेवावे कोठे? दुसरी ही की, प्रत्येक कक्षात रोज ठरावीक वेळी कोणीतरी मराठीत, शांतपणे, बाळाची प्रकृती आईस समजावून सांगावी. आणि मनाने खचलेली आई ओळखण्याचे काम कोणाकडे तरी निश्चितपणे सोपवावे. तिसरी, ज्यांची अशी मुले आज अंगणात धावत आहेत, त्या मातांना आठवड्यातून एकदा येथे बोलवावे. "माझेही एवढेच होते" हे त्यांच्या तोंडचे वाक्य जो धीर देईल, तो कोणत्याही व्याख्यानाने येणार नाही. चौथी, नोकरीची. कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची रजा पेटीपुढे बसण्यातच झिजते. खासगी नोकरीतल्या पित्यास तर पितृत्वाची रजा कायद्याने मुळीच नाही. आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजूर स्त्रीस रजा हा शब्दच परका आहे. सातपूर-अंबडचे कारखानदार कायद्याची वाट न पाहता आपल्या कामगारांना ही सवलत देऊ शकतील.

उरला तो आपला, म्हणजे शेजाऱ्यांचा वाटा. आपल्या आळीत अशी बाळंतीण असेल, तर विचारपूस करावयास जाताना प्रश्न घरी ठेवावेत आणि डबा बरोबर न्यावा. तिच्या थोरल्या मुलास शाळेतून आणावे, तिच्या नवऱ्यास एक रात्र झोपू द्यावे, आणि बाळाचे नाव काय ठेवणार, हे आवर्जून विचारावे. पेटीतल्या जिवाला नाव आहे, तो आपल्यातला आहे, हे त्या मातेस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे असते.

२०१७ नंतर पेट्यांची चर्चा झाली. ती पुढेही होत राहावी. परंतु पेटीची ऊब विजेवर चालते, आणि आईची ऊब भोवतालच्या माणसांवर. ती माणसे आपण आहोत.