पार्टचं मार्जिन फिटिंगमध्ये जातं, म्हणून तासांचे पैसे घ्या

मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर या पट्ट्यात जुनी जिप्सी किंवा जीप नव्यासारखी करून द्यायचा धंदा अनेकांच्या डोक्यात आहे. कल्पना चांगली आहे. एकीकडे माळशेज आणि नाणेघाट, दुसरीकडे भीमाशंकर, आणि टोमॅटो-कांद्याला भाव मिळाला की हौस करणारा माणूसही इथलाच. गडबड होते ती हिशोबात. कागदावर बहुतेक जण असं मांडतात की डेंटिंग-पेंटिंगमध्ये मजुरी सुटेल आणि खरा नफा लिफ्ट किट, फ्री-फ्लो सायलेन्सर, रुंद टायर, अलॉय यांच्यात मिळेल. माझं मत बरोबर उलटं आहे. या पार्टवर दिसणारं मार्जिन तुमच्या खिशात येतच नाही, ते पार्ट बसवताना संपतं.

का संपतं ते जिप्सीवरूनच बघू. जिप्सी म्हणजे एक गाडी असं आपण धरून चालतो. १९८५ मध्ये ती आली तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९३ मध्ये रुंद ट्रॅकचं मॉडेल आलं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढलं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं ८ व्हॉल्व्हचं कार्बोरेटर इंजिन आलं आणि २००० च्या सुमारास १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय. आता ऑनलाइन दुकानात 'जिप्सीसाठी एक्झॉस्ट हेडर' एवढंच लिहिलेलं असतं. ८ व्हॉल्व्हचा हेडर १६ व्हॉल्व्हच्या हेडवर बसणार कसा? आरसी बुकातलं साल बघून मागवला तरी खात्री नाही, कारण मधल्या कुठल्या तरी मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं.

त्यात गाडी रिस्टोअर केलेली. म्हणजे चेसी कुठे तरी सडलेली होती, तिथे पट्टी मारून वेल्डिंग केलंय. एखादं माउंटिंग चार-पाच मिलिमीटर सरकलंय आणि ते कुणाच्या लक्षातही नाही. भोकांच्या आतून पावडर कोटिंगचा थर चढलाय, त्यामुळे बोल्ट जात नाही. पार्ट बनवणाऱ्याने तो कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या मापाने बनवला. तुमच्यासमोर उभी आहे ती चार मालक आणि तीन वेल्डर बघितलेली गाडी. पार्ट बरोबर, गाडीही ठणठणीत, तरी दोघांचं जमत नाही. मग ग्राइंडर निघतो, आणि नव्या रंगावर ठिणग्या उडतात.

चाकांचंच घ्या. जिप्सीला पाच नट आणि १३९.७ मिलिमीटरची, म्हणजे साडेपाच इंचाची पीसीडी. तेवढं जुळलं की गिऱ्हाईक खूश. पण अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसतच नाही. ऑफसेट चुकला तर टायर एक तर आत पाट्याला घासतो, नाही तर मडगार्डच्या बाहेर येतो आणि बेअरिंगवर जादा भार पडतो. पीसीडी विचारणारे दहा भेटतील, मधलं भोक आणि ऑफसेट विचारणारा एखादाच.

लिफ्ट किटची गोष्ट आणखी लांब जाते. गाडी दोन इंच उचलली की ब्रेकचा होज पाइप अपुरा पडू शकतो, आणि तो ताणलेला ठेवून गाडी घाटात पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ. जुने यू-बोल्ट पुरत नाहीत. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचाही कोन बदलतो, मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. स्वस्त किटच्या खोक्यात बहुधा पाटे किंवा शॅकल आणि थोडे नट-बोल्ट, एवढंच असतं. बाकीचं तुम्ही शोधायचं, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "किटचे पैसे तर दिले ना?"

आता आकडे मांडू. समजा किटवर तुम्हाला २,००० रुपये सुटले आणि फिटिंगचे १,५०० ठरले. हातात ३,५००. काम एका दिवसाचं धरलं होतं, लागले तीन. जागेचं भाडं, पोराचा पगार, लाइट मिळून दिवसाला १,२०० धरा, म्हणजे ३,६०० गेले. लेथवाल्याकडून स्पेसर करून घेतला, त्याचे ८००. एकूण ४,४००. खिशातून ९०० गेले, आणि ती तीन दिवस अडलेली जागा वेगळीच, तिथे सर्व्हिसिंगच्या गाड्या झाल्या असत्या. पार्ट परत पाठवू म्हणाल, तर एकदा घासलेला पार्ट कोण परत घेतो?

म्हणून माझा आग्रह आहे की गाडी आत घेतानाच तपासणीची वेगळी फी लावा. इंजिन नंबर, ट्रॅक, हब, माउंटिंगची मापं, सगळं लिहून काढायचं आणि तो कागद गिऱ्हाइकाला द्यायचा. गाव लहान आहे, फी कोण देईल, असं वाटेल. काही जण देणार नाहीत, त्यांना जाऊ द्या. कोटेशनमध्ये पार्टची किंमत एका ओळीत आणि फिटिंग ताशी दराने दुसऱ्या ओळीत ठेवा. फिटिंगला किती तासांच्या पुढे गेलं तर आधी फोन करून विचारणार, तेही लिहा. गिऱ्हाइकाने स्वतः मागवलेला पार्ट असेल तर तो बसेल याची हमी तुमची नाही, हे त्याच्या सहीनिशी घ्या.

आणि कामाचा क्रम बदला. सगळे पार्ट रंगाच्या आधी, उघड्या चेसीवर एकदा बसवून बघायचे. टायर लावून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, जॅकने एकेक चाक उचलून. मग सगळं परत खोलायचं आणि रंगाला पाठवायचं. याला दोन दिवस जास्त जातात. ते दोन दिवसही कोटेशनमध्ये धरायचे.

एक गोष्ट अनेक जण टाळतात, ती कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. आपल्याकडच्या गाड्या फेरनोंदणीला पिंपरी-चिंचवड आरटीओकडे जातात. तिथे गाडी अडली तर मालक तुमच्याच दारात येणार. त्यामुळे काढलेले मूळ पाटे, सायलेन्सर, चाकं भंगारात घालू नका. नाव-नंबरचं लेबल लावून मालकाच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी जीप कुणी आणली तर मी कामच वेगळं सुचवेन. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण इंजिन, चेसी किंवा बॉडीत मोठा फेरबदल झालेला चालत नाही, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. मालक टर्बो डिझेल बसवा म्हणत असेल, तर आधी हे त्याला समजावून सांगा, आणि समजावण्याचे पैसे घेऊ नका.